जागल्याचे सेकंद

फोल्डरमध्ये चार पोटफोल्डर आणि सदतीस फायली होत्या. सदतीसपैकी एकतीस धाकटीला नीट उघडता आल्या. पाच उघडल्यावर नुसती चिन्हांची गिचमीड दिसली आणि एक उघडलीच नाही. नीट उघडलेल्या एकतिसांपैकी एकीचे नाव होते ‘आधी हे वाचा’. ती तिने शेवटी वाचायला ठेवली.

“काय निघालं?” शेजारच्या खुर्चीतून दादाने विचारले.

“सदतीस.”

“सदतीस काय?”

“फायली. मोजल्या.”

“तुला मेलीला दात मोजायची सवय. इंजिनाचे नट मोजत बसलीस तर गाडी सुटायची कधी?”

“तू गप्प बस. माझं लक्ष जातं.”

“बसलोयच की,” दादा म्हणाला. “उठून कुठं जाणारे?”

धाकटी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येत आणि लॅबमध्ये ती आणि आणखी दोघीजणी त्यांवरून कवळ्या करून देत. ज्यांच्या तोंडात तिचे काम बसे, त्यांतले कुणी तिने कधी पाहिले नव्हते. दादा मालगाडीचा ड्रायव्हर होता. होता म्हणजे दीड वर्षापूर्वीपर्यंत. एका दुपारी भरलेली गाडी घेऊन जाताना ब्रेकचा दांडा आपण नीट धरू शकत नाही, हे त्याच्या लक्षात आले. त्याने स्वतःच तसे कळवले आणि मधल्याच एका स्टेशनात दुसऱ्या ड्रायव्हरने येऊन गाडी पुढे नेली. दादा फलाटावरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. पुढे तपासण्या झाल्या. स्नायूंचा आजार निघाला, ज्याला उतार नसतो. पाय गेले, डावा हात गेला. उजव्या हाताची तर्जनी अजून दादाचे ऐकत होती. ती किती दिवस ऐकेल, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

तेव्हापासून दादाला एकच गोष्ट हवी होती. एक भरलेली मालगाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. मध्ये कुणाच्या हातात न देता.

म्हणून धाकटीने कॉम्प्युटरवरचा तो खेळ आणला. त्यात मालगाड्या होत्या, सिग्नल होते, चढ-उतार होते आणि दादाने उमेदीत चालवले होते तसलेच एक जुने, ठेंगणे डिझेल इंजिनही होते. दादाने पडद्यावर त्याचे धुराडे पाहिले आणि म्हणाला, “रंग चुकलाय. पण आवाज हाच.” मग दोघांनी वाटणी करून घेतली. वेग, ब्रेक, भोंगा यांच्या कळा धाकटीने दाबायच्या, दादा सांगेल तशा. एक कळ मात्र दादाची. जागल्याची.

ड्रायव्हर झोपला नाही ना, हे बघायला इंजिनात एक यंत्र असते. ठरावीक वेळाने दिवा लुकलुकतो, मग शिटी वाजते. ड्रायव्हरने तेवढ्यात बटण दाबले तर ठीक. नाही दाबले, तर तो झोपला किंवा मेला असे समजून यंत्र स्वतःच ब्रेक लावते. दादाच्या बरोबरीचे ड्रायव्हर त्याला जागल्या म्हणत. खेळातल्या इंजिनालाही जागल्या होता आणि शिटी वाजल्यावर तो चार सेकंद थांबायचा. दादाचे बोट कळीवर टेकलेले असले, तरी ती दाबायला त्याला सहा-सात सेकंद लागत. गाडी यार्डातून निघायची आणि पहिल्याच शिटीला थांबायची.

या खेळाचे दर्दी लोक ठिकठिकाणी पसरलेले होते. खेळाचे आतले भाग उघडून बदलता यावेत, म्हणून त्यांच्यातल्या काहींनी मिळून, फुकटात, एक अवजारपेटी तयार केली होती. तिच्यातून निघालेल्या बदलांना ते मॉड म्हणत. जागल्या काढूनच टाकणारा मॉड तर आयताच मिळत होता. दोन मिनिटांचे काम. धाकटीने तो दादाला दाखवला.

“काढून टाकायचा?” दादा म्हणाला. “म्हणजे मी मेलो तरी गाडी चालत राहणार?”

“अरे, खेळ आहे.”

“मग खेळाच. मला कशाला बसवता? माझा फोटो ठेवा खुर्चीत.”

“बरं, काढत नाही. वेळ वाढवते. पंधरा सेकंद.”

“साठच्या वेगाला पंधरा सेकंद म्हणजे अडीचशे मीटर. अडीचशे मीटर आंधळी गाडी सोडतेस? सहा.”

“सहात तुला जमत नाही, दादा. बारा.”

“आठ.”

“तू काय बाजारात आलायस का? दहा.”

“नऊ,” दादा म्हणाला. “ह्याच्या वर एक सेकंद मिळणार नाही. घ्यायचं तर घे.”

चाराचे नऊ करणारा मॉड कुणीच केला नव्हता. तो स्वतःच करायला हवा होता. म्हणून अवजारपेटीच्या त्या सदतीस फायली.

पहिला आठवडा पेटी चालूच होईना. पेटी सुरू केली की काळी चौकट उघडायची आणि वाचायच्या आत बंद व्हायची. शेवटी तिने दर्दी मंडळींच्या चर्चेच्या पानावर आपली अडचण लिहिली, सविस्तर, तीन परिच्छेद. ‘सांधेवाला’ असे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी उत्तर दिले.

“पेटीतल्या पहिल्या फाईलचं नाव काय आहे?”

“आधी हे वाचा,” तिने लिहिले.

“मग?”

तिने ती वाचली. चौथ्याच ओळीत लिहिले होते की फोल्डरच्या नावात मोकळी जागा चालत नाही. तिने नाव ठेवले होते ‘दादाची गाडी’. ते ‘दादाचीगाडी’ केल्यावर काळी चौकट उघडी राहिली. पेटीचे पहिले अवजार खेळातून मूळ फायली बाहेर काढायचे. तिने ठेंगण्या इंजिनाची मूळ फाईल काढली. बत्तीसशे ओळींच्या त्या फाईलमध्ये चाकांचा व्यास होता, डिझेलच्या टाकीचे माप होते, भोंग्याच्या आवाजाची पट्टी होती. तिला हे आवडले. एखाद्याचा जबडा हातात यावा तसे ते इंजिन तिच्या हातात आले होते. जागल्याचा आकडा दोन हजारांच्या पुढे कुठेतरी सापडला. चार पुसून तिने नऊ लिहिले. शेवटचे अवजार चालवले, तेव्हा पडद्यावर ओळी धावल्या आणि खाली उमटले : बांधणी पूर्ण, त्रुटी शून्य. सगळ्याची मिळून एकच बंद फाईल तयार झाली. खेळाला ती वाचता यायची, माणसाला नाही.

“झालं?” दादा म्हणाला.

“झालं.”

“एक आकडा बदलायला एवढे दिवस? आमच्या शेडमध्ये तुला कुणी ठेवलं नसतं.”

मग तिने आवराआवर केली. कवळी करताना मेणाचा नमुना प्लास्टरमध्ये बसवतात. मेण वितळवून काढून टाकतात. राहिलेल्या पोकळीत गुलाबी मसाला भरून तो शिजवतात, आणि मग छोट्या हातोडीने प्लास्टर फोडतात. साचा फोडल्याशिवाय कवळी बाहेर येत नाही. फुटलेले तुकडे लगेच पोत्यात. टेबलावर जुन्या साच्याचा तुकडा राहिलेला दिसला, की लॅबचे मालक म्हणत, “हे काय, आठवण म्हणून ठेवलंय?” सव्वीस वर्षे धाकटीने असेच काम केले होते. तिने मॉडची बंद फाईल खेळाच्या फोल्डरमध्ये टाकली, तो चालतो याची खात्री केली आणि काढलेल्या मूळ फायली, आपला बदललेला आकडा, सगळे पुसून टाकले. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

पुढचे काही रविवार चांगले गेले. बंदराच्या यार्डातून कोळसा भरायचा आणि सिमेंटच्या कारखान्यात उतरवायचा. अंतर चव्वेचाळीस किलोमीटर, मध्ये एक लांब उतार. वेगाचा दांडा एकेका खाचेने पुढे-मागे सरकायचा.

“खाच वाढव.”

“वाढवली.”

“‘वाढवली’ नाही म्हणायचं. कितवर गेलीस ते बोल.”

“तीन.”

“हां. आता माणसात आलीस. पुढं काय दिसतं?”

“पिवळा.”

“मग बघतेस काय? दोनवर ये.”

शिटी वाजली. दादाचे बोट कळीवर थरथरले, थांबले, मग कळ टक्कन खाली गेली. दिवा विझला. दादाने नाकातून श्वास सोडला. वहिनी दारात येऊन उभी होती, हातात टॉवेल.

“गाडी कुठवर आलीय?” तिने विचारले. “आंघोळीचं पाणी निवतंय.”

“आडरानात आहे,” दादा म्हणाला. “इथं उतरता येत नाही.”

“मग पाणी तिथंच पाठवून देते, पुढच्या गाडीनं.”

त्या दिवशी गाडी एकतीस किलोमीटरपर्यंत गेली. नंतरच्या एका शिटीला बोट उशिरा पोचले. गाडी थांबली, तरी दादा खुशीत होता. जेवताना वहिनीने भरवलेला घास तोंडात ठेवून तो उताराबद्दल बोलत राहिला. त्याला ठसका लागला, तेव्हा कुठे थांबला.

एकतिसाच्या पुढे गाडी गेली नाही. पुढच्या रविवारी सव्वीस झाले, त्याच्या पुढच्याला चौदा. नऊ सेकंद पुरत नव्हते. एका रविवारी उताराच्या तोंडाशी शिटी वाजली. धाकटीने दादाच्या बोटाकडे पाहिले आणि तिच्या नकळत तिची करंगळी बाजूने कळीच्या कडेला गेली. कळ खाली गेली. गाडी चालत राहिली.

बोगदा गेला, पूल गेला. मग दादाने विचारले, “कुणी दाबलं?”

“तूच.”

“माझं बोट अजून वाटेतच होतं.”

धाकटीने करंगळी मुठीत घेतली.

“उतर.”

“दादा, अरे एकदाच—”

“खाली उतर गाडीवरनं.”

ती उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. वहिनी औषधाच्या गोळ्यांची पूड करत होती. “काय झालं?”

“उतरवलं मला.”

वहिनी हसली. मग बाहेरच्या खोलीत शिटी वाजू लागली, वाजत राहिली, आणि ब्रेकचा लांब आवाज आला. तेव्हा ती हसायची थांबली.

दोन दिवस दादा धाकटीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ती लॅबमधून येऊन चपला काढत असतानाच तो म्हणाला, “चौदा कर.”

“काय?”

“बहिरी झालीस का? सेकंद. चौदा कर. उतारावर वेग चाळीसच ठेवू, म्हणजे हिशेब तोच राहतो.”

चाळीसच्या वेगाने चौदा सेकंदांत साधारण दीडशे मीटर होत होते. साठच्या वेगाने नऊ सेकंदांतही तेवढेच. त्याने दोन दिवस हेच केले होते.

धाकटी तशीच कॉम्प्युटरपाशी बसली. नऊचे चौदा करायला मूळ फायली लागणार होत्या. त्या पुसल्या होत्या. हरकत नव्हती, पुन्हा काढता आल्या असत्या. तिने पेटीचे पहिले अवजार चालवले. पडद्यावर लाल अक्षरे आली : खेळाची ही आवृत्ती ओळखीची नाही.

मधल्या काळात खेळ बनवणाऱ्यांनी त्याची नवी आवृत्ती आणली होती आणि खेळाने ती आपणहून उतरवून घेतली होती. जुने मॉड चालत होते, पण जुन्या अवजारांना नव्या खेळातून काही बाहेर काढता येत नव्हते.

“नवी पेटी येईपर्यंत थांबावं लागेल,” सांधेवाल्याने कळवले. “तुमच्याकडे मूळ फोल्डर आहे ना? त्यात आकडा बदला आणि फक्त बांधणी करा. बांधणीचं अवजार अजून चालतं.”

“फोल्डर पुसलं,” तिने लिहिले.

“का?”

“काम झालं होतं.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आले : “इतकी वर्षं इथं आहे. लोक फायली हरवतात, बिघडवतात. पूर्ण झालेलं काम चालू असताना मूळ पुसणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” खाली आणखी एक ओळ होती. “मी सगळ्यांना विचारलं. ते ठेंगणं इंजिन कुणीच उघडलेलं नाही. कुणाकडे प्रत नाही.”

नवी पेटी करणारे तिघेजण होते. तिघेही नोकऱ्या सांभाळून हे करत. एकाला नुकतेच मूल झाले होते. धाकटी रोज पान उघडून बघायची. तिथे कुणी ना कुणी विचारलेले असायचे, पेटी कधी येणार, आणि खाली कुणीतरी त्याला झापलेले असायचे की पगार देतोस का. धाकटीने विचारले नाही.

“वन्सं, एक विचारू?” एकदा वहिनी म्हणाली. दादाला कुशीवर वळवून, पाठीला उशी लावून ती बाहेर आली होती आणि आपलीच कंबर दाबत होती. “ते बटण दाबून त्यांचं काय बरं होणारे?”

“काही नाही.”

“मग?”

“काहीच बरं होणार नाही ना, वहिनी. मग निदान हे.”

“हं.” वहिनी खुर्चीत बसली. “तुमचं बरंय. तुमच्या वाट्याला त्यांची गाडी आली. माझ्या वाट्याला अंग.”

त्या संध्याकाळपासून धाकटी कामावरून आली, की एकदा तरी दादाला कुशीवर वळवायला ती जाऊ लागली. दादा म्हणायचा, “हळू. माल नाजूक आहे.” नंतर नंतर त्याचे शब्द घशातच चिकटू लागले आणि धाकटीला वाक्य दोनदा विचारावे लागे. तो चिडून तिसऱ्यांदा सांगायचा नाही.

नवी पेटी आली तेव्हा धाकटी लॅबमध्ये होती. फोनवर सांधेवाल्याचा एकच शब्द : “आली.” तिने हातातली कवळी घासून पुरी केली, खोक्यात भरली आणि मालकांना सांगून लवकर निघाली. या वेळी तिने ‘आधी हे वाचा’ आधी वाचली. मूळ फायली काढल्या, त्यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. चारचे चौदा केले. बांधणी पूर्ण, त्रुटी शून्य.

“चौदा?” दादाने विचारले. 

“चौदा.”

“चल मग. उजेड आहे तोवर यार्ड सोडू.”

तिने त्याचा हात उचलून कळीवर ठेवला, मनगटाखाली घडी केलेला टॉवेल सरकवला. कोळशाची गाडी यार्डातून निघाली. एक खाच, दोन खाचा. सांधे ओलांडताना डबे एकामागून एक खडखडले. दादाने मान हलवली, तेवढी मान अजून हलत होती. मग दिवा लुकलुकला आणि शिटी वाजू लागली.

दादाचे बोट कळीवर होते. त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली. ब्रेक लागले.

“पुन्हा,” दादा म्हणाला.

तिने पुन्हा यार्डातून गाडी काढली. पुन्हा शिटी, पुन्हा ब्रेक.

“अठरा करू?” तिने विचारले. “दादा? वीस करते. वेग तीसच ठेवू.”

“नको.” मग त्याने काहीतरी म्हटले, जे तिला कळले नाही. तिने कान जवळ नेला आणि या वेळी तो पुन्हा बोलला. “वेळ आहे गं. वेळ भरपूर आहे. कळच खाली जात नाहीये.”

धाकटीने इतर कळा पाहिल्या, माउस पाहिला, लॅबमधल्या एकीकडून तिच्या मुलाचा व्हिडिओ गेम खेळायचा, हातात धरायचा बटणांचा डबा आणला. कुठलेच बटण दादाच्या बोटाखाली खाली गेले नाही. शेवटी तिने सांधेवाल्याला लिहिले. एरवी एका ओळीवर न जाणाऱ्या त्या माणसाने या वेळी लांब उत्तर दिले. तो घरच्या घरी बटणे बनवायचा. त्याच्याकडचे सगळ्यात हलके बटण पंचवीस ग्रॅमला खाली जायचे. त्याहून हलके करून बघितले होते, पण मग ते टेबलाच्या हादऱ्यानेही दाबले जायचे. “पोस्टानं पाठवतो, पैसे नकोत. आधी एवढं करा. बोटाचा दाब किती पडतो ते मोजा. मनगट टेकलेलं हवं, हाताचं वजन त्यात यायला नको. पंचवीस येत असतील तर उद्याच पाठवतो.”

रविवारी धाकटीने लॅबमधला मसाल्याची पूड तोलायचा काटा घरी आणला. सपाट, तळहाताएवढा, ग्रॅमपर्यंत बरोबर. तो तिने दादाच्या खुर्चीला लावलेल्या फळीवर ठेवला. फळी तिरकी वाटली, म्हणून खाली पुठ्ठा घातला. वहिनी हात पुसत आली आणि न सांगता दादाचे मनगट धरून बसली.

“घट्ट नको धरू,” धाकटी म्हणाली. “वर उचलायचंही नाही, खाली दाबायचंही नाही.”

“माहितीये,” वहिनी म्हणाली. “रोज मीच धरते.”

दादाने दोघींकडे पाहिले. “माझं वजन करताय की भाजीचं?” त्याचे हे वाक्य दोघींनाही पहिल्या खेपेलाच कळले.

धाकटीने बोट काट्यावर टेकवले आणि आकडा शून्यावर आणला.

“दाब, दादा.”

खोलीत काही वाजत नव्हते. दादाच्या कपाळावरची शीर उभी राहिली.

“दाब ना.”

“दाबतोय.”

तीनदा मोजले. सहा ग्रॅम, नऊ ग्रॅम, सात ग्रॅम.